गुपचूप बांधलेली गाठ

उस्तादांचं डोकं फिरवलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, आणि त्या बिचारीच्या मनात वाईट असं काहीच नव्हतं. ती कौतुक करायला गेली होती.

गावामागच्या कातळावर सरावाचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघणार, मग चालत बेस कॅम्प, आणि तिथून वर बर्फातलं शिखर. शहरातून आलेल्या हौशी लोकांना ही डोंगरातली माणसं मेंबर म्हणतात. तर हे मेंबर दोर गुंडाळायला शिकत होते आणि दोराचा नुसता गुंता करत होते. उस्ताद एकेकाला झापत फिरत होते. "हे काय आहे? लोकर आहे का ही? स्वेटर विणायचाय?" लोक हसत होते. उस्तादांकडून झापून घ्यायला लोक लांबून येत, हे अगदी खरं. त्यांच्याइतकी माणसं वर नेऊन सगळीच्या सगळी जिवंत खाली आणणारा दुसरा वाटाड्या त्या भागात नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई आपला दोर हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, तुमची एक पद्धत मला फार म्हणजे फारच आवडली. तुम्ही गाठ बांधता आणि मग तुमचे मेव्हणे ती सोडून पुन्हा नीट बांधतात. रोज! एवढा अनुभव असूनसुद्धा कसला अहंकार नाही."

"काय करतो तो?"

"पुन्हा बांधतात की. तुम्ही दुसरीकडे बघत असता तेव्हा. अशी पद्धतच आहे ना इथली?"

उस्ताद नुसते "हं" म्हणाले. बाई खुशीत निघून गेल्या. इकडे उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी कधी दोराला जीव टांगलेला नाही. या लोकांचा एक कायदा आहे. निघण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याची गाठ बघायची. चुकलेली दिसली तर जागच्या जागी मोठ्याने ओरडायचं, समोर गुरू असो नाहीतर सासरा. आणि ज्याची चुकली त्यानेच ती सोडून पुन्हा बांधायची. दुसऱ्याच्या गाठीला न सांगता हात लावायचा नाही. का? तर ज्याची चुकली त्याला कळलं पाहिजे म्हणून. गुपचूप दुरुस्त केलीत की तो माणूस उद्या तीच चूक करणार, आणि उद्या तुम्ही शेजारी असालच असं कुणी सांगावं? हा कायदा उस्तादांनी स्वतः सगळ्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवला होता. आणि त्यांच्याच कमरेच्या गाठीला त्यांचा सख्खा मेव्हणा चोरासारखा हात लावत होता!

ते तडक खाली आले. मोहिमा नेणाऱ्या कंपनीच्या ऑफिसच्या मागे सामानाची खोली. भिंतीवर रंगीबेरंगी दोर टांगलेले, कोपऱ्यात कुदळींसारख्या बर्फाच्या कुऱ्हाडी, जमिनीवर बुटांना बांधायच्या खिळ्यांचे जोड, आणि सगळीकडे रॉकेलचा नि ओल्या मोज्यांचा वास. मेव्हणा खाली बसून स्टोव्हच्या पिना मोजत होता. बायकोचा हा धाकटा भाऊ. मिसरूड फुटल्यापासून उस्तादांच्या दोराला जोडलेला, आता त्याच्याही मिशा पिकल्या होत्या.

"माझ्या गाठीला हात लावतोस?"

मेव्हण्याने मान वर केली नाही. "कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते सोड. लावतोस की नाही?"

"दाजी, चहा सांगू का?"

"चहा गेला खड्ड्यात! मी काय विचारतोय?"

"मेंबर लोकांना काय कळतं हो. घट्ट केली असेल मी एखाद्या वेळी."

"रोज? रोज घट्ट करतोस? माझी गाठ सैल असते काय रे? तुला गाठ बांधायला शिकवली कुणी? नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हा हाताला धरून शिकवली!" उस्तादांचा आवाज असा चढला की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला काम टाकून खिडकीतून डोकावू लागला. "समजलं मला. उस्ताद म्हातारा झाला, आता त्याला हळूच बाजूला सारायचा आणि आपण मोहिमेचं पुढारपण मिरवायचं. सरळ सांग ना! तोंड उघडून माग, देऊन टाकतो!"

मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो एवढंच म्हणाला, "ताईला विचारा."

झालं. उस्ताद तसेच घरी.

बायको पलंगावर त्यांचेच लोकरीचे मोजे पसरून जोड लावत बसली होती. उस्तादांनी दारातूनच तोफ डागली. तुझा भाऊ असा, तुझा भाऊ तसा, अस्तनीतला निखारा, आणि वर म्हणतो ताईला विचारा. आता बोल, काय विचारू तुला?

त्यांना वाटलं होतं, ती भावाची बाजू घेऊन भांडेल. भांडणाची तयारी पूर्ण होती. पण ती मोजे खाली ठेवून म्हणाली, "हो. बांधतो तो. मीच सांगितलंय त्याला."

"तू?"

"मागच्या हंगामात तुम्ही त्या वादळात वर अडकलात ना, तिथून खाली आलात ते असेच आलात. मधे कोणी बोललं की हातातलं काम संपलं असंच वाटतं तुम्हाला. अर्धंच झालेलं असतं आणि तुम्ही उठून चालायला लागता."

"काहीतरी बरळू नकोस."

"अर्धी दाढी करून बाजारात गेला होतात. फोन आला, बोललात, टॉवेलने तोंड पुसलंत आणि निघालात. एका गालावर खुंट तसेच."

उस्तादांना तो दिवस आठवत होता. बाजारात लोक हसत होते. आपल्या नव्या टोपीला हसतायत असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यांनी भाजीवाल्याला चार शब्द सुनावलेही होते.

"दाढीचं आणि दोराचं काय नातं? विसरतो माणूस! तू नाही विसरत? परवा दूध उतू गेलं ते कुणाच्या हातून?"

"माझ्या दुधाला दहा माणसं नाही हो लोंबकळत," बायको म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. ती पुन्हा मोजे उचलायला लागली. "तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतंत? घरी बसला असतात. घरी बसून भिंतीकडे बघत झिजला असतात. मला नाही बघवलं असतं ते. म्हणून म्हटलं, तो आहे ना मागे, तो बघेल."

"मला विचारलंस?"

ती एक मोजा उलटा करून झटकू लागली.

"माझ्या डोक्यात बिघाड आहे हे तुला माहीत, तुझ्या भावाला माहीत. आणखी कुणाला?"

"कंपनीच्या मालकांना."

"वा! म्हणजे सगळ्या गावाला माहीत, फक्त ज्याचं डोकं त्याला नाही!" त्यांनी पलंगावरचे मोजे उचलून भिरकावले. एक जोड कपाटावर जाऊन पडला. "खोटं आहे हे सगळं. बांधून दाखवतो. चल, तूही चल. डोळे फाडून बघ!"

तसे ते परत सामानाच्या खोलीत आले, मागून पदर सावरत बायको. मेव्हणा अजून तिथेच, त्याच पिना मोजत होता. उस्तादांनी कमरेला हार्नेसचा पट्टा चढवला, भिंतीवरचा निळा दोर ओढला आणि म्हणाले, "बघ."

आठाची गाठ तशी सोपी. दोरात आठाचा आकडा काढायचा, टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवायचं, आणि मग आल्या वाटेने ते टोक सबंध आठातून परत फिरवून आणायचं. हे परत फिरवणं महत्त्वाचं. तेवढं राहिलं तर गाठ लांबून झकास दिसते, आणि वजन पडलं की सरकन सुटते.

उस्तादांनी बांधली. सुरेख बांधली. सोडली, पुन्हा बांधली. डोळे मिटून बांधली. जाडे हातमोजे घालून बांधली. पाठीमागे बघत, बायकोला वेडावून दाखवत बांधली. एकदाही चुकली नाही. मेव्हण्याचा चेहरा खुलला. बायकोलाही वाटलं, देवा, आपलंच तर काही चुकलं नाही ना.

"आता बोला! कुठे गेली तुमची अक्कल?" उस्ताद गरजले. रागात का होईना, पण त्यांना मजा येऊ लागली होती. "परत बघा. हा काढला आठ. हे ओवलं टोक."

तेवढ्यात मालक दारात आले. या कंपनीचे मालक म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला घाईत असलेला माणूस. कायम कानाला फोन. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "उस्ताद, मोठे तंबू खेचरांवर टाकायचे की हमालांकडे द्यायचे?"

"खेचरांवर. पण आज नका बांधू, दव पडून जड होतील. सकाळी बांधा. आणि खांब वेगळे करून हमालांकडे द्या. त्या अरुंद वाटेवर खांब कड्याला अडकतात आणि खेचर बिथरतं. मागे एक असंच गेलं खाली. स्वयंपाकाचा तंबू सगळ्यात वर ठेवा, पोचल्याबरोबर तो आधी लागतो."

सगळं बरोबर, एका दमात. मालक मान हलवत होते. आणि बोलता बोलता उस्तादांना कमरेपाशी काहीतरी हललेलं जाणवलं.

त्यांनी खाली बघितलं. मेव्हण्याचा हात होता. आई शेजारणीशी गप्पा मारता मारता पोराचं नाक पुसते ना, तसा तो हात आपोआप चालला होता. मेव्हणा बघत होता मालकांकडे. आणि बोटं दोराचं टोक उचलून, आल्या वाटेने आठातून परत फिरवत होती.

उस्तादांनी त्याचं मनगट पकडलं.

मालकांनी फोन खिशात ठेवला. उस्ताद आपल्या कमरेकडे बघत राहिले. आपण गाठ पुरी केली, अशी त्यांची पक्की खात्री होती. ती खात्री अजूनही होती, हीच तर गंमत! डोळ्यांना दिसत होतं की टोक लोंबतंय आणि मन छातीठोक सांगत होतं की बांधली, बांधली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची भीती वाटली, आणि भीती वाटली की या माणसाला रागच यायचा.

"आत्तासुद्धा?" ते म्हणाले. "मी चाचणी द्यायला उभा आहे, तुम्हीच माझे परीक्षक, आणि आत्तासुद्धा गुपचूप? एकाच्याही तोंडून निघालं नाही, 'दाजी, गाठ!'?"

"सवय झालीय, दाजी," मेव्हणा पुटपुटला. "मला कळलंसुद्धा नाही हात कधी गेला ते."

"सवय! आणि एखाद्या दिवशी तू आजारी पडला असतास म्हणजे?"

मेव्हणा जमिनीवरच्या पिना गोळा करू लागला.

"अरे बोल ना! तापाने फणफणला असतास, तंबूत झोपला असतास, तर माझ्या गाठी कुणी बघितल्या असत्या?"

"पडलो होतो आजारी," मेव्हणा म्हणाला. "वादळानंतरच्याच मोहिमेत. खिंडीवरच्या बर्फाच्या भिंतीला तुम्ही एकटेच घेऊन गेलात सगळ्यांना."

उस्तादांनी त्याचं मनगट सोडलं.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. बाप आणि मुलगी असे दोघे मेंबर होते. पोरगी भिंतीच्या मध्यावर दोराला लोंबकळत हसत होती, "काका, फोटो काढा ना" म्हणत होती. वर बर्फात मेखा ठोकून दोर उस्तादांनीच अडकवला होता. खाली कितीतरी खोल निळी भेग होती. उस्तादांनी तिला झापलं होतं, आणि मग फोटोही काढला होता. धुकं आठवत होतं, तिच्या टोपीचा गोंडा आठवत होता, मेखेवर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज आठवत होता. दोराला गाठ मारल्याचं तेवढं आठवत नव्हतं.

"ती पोरगी..." ते म्हणाले. मग एकदम फुटले. "माझी लाज झाकायला तुम्ही त्या पोरीचा जीव लावलात पणाला? तंबूत पडल्या पडल्या तू काय करत होतास रे? देवाचा धावा?"

"हो," मेव्हणा म्हणाला. आता तो उघड रडत होता. "संध्याकाळी तुम्ही सगळे खाली येईपर्यंत तेच करत होतो."

"त्यापेक्षा एक हाक मारायची! 'दाजी, तुम्ही जाऊ नका.' चार शब्द! मी कानाखाली काढली असती तुझ्या. खाल्ली असतीस! मेला असतास का कानाखाली खाऊन?" ते बायकोकडे वळले. "आणि तू! मी भिंतीकडे बघत बसेन म्हणून तुला वाईट वाटलं. अगं, त्या पोरीला काही झालं असतं तर मी जन्मभर कशाकडे बघत बसलो असतो?"

बायको दाराची चौकट धरून उभी राहिली. ज्या नवऱ्याला जपायचं म्हणून तिने हे सगळं केलं, त्याला आपण कुठल्या कड्यावर उभा केला होता, हे तिला आत्ता दिसलं.

मालक घसा खाकरून म्हणाले, "उस्ताद, शांत व्हा. आपण काहीतरी मार्ग काढू. मेंबर हॉलमध्ये जमलेत, उद्याची माहिती द्यायची आहे. आत्ता फक्त चार शब्द बोला, पुढचं मी बघतो."

"चला," उस्ताद म्हणाले. "बोलतो की चार शब्द."

त्यांनी पट्टा सोडला, दोर भिंतीला टांगला आणि हॉलमध्ये गेले. ऑफिसचाच पुढचा भाग तो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शिखराचा मोठा फोटो, आणि त्याखाली हसणारे मेंबर. उस्तादांना बघून टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत.

"मी उद्या येत नाही," उस्ताद म्हणाले.

टाळ्या थांबल्या. कुजबुज झाली. मालक चपळाईने पुढे झाले. "मित्रांनो, काळजीचं कारण नाही. उस्तादांचा गुडघा थोडा दुखावलाय आणि डॉक्टरांनी त्यांना..."

"गुडघा ठणठणीत आहे!" उस्ताद एवढ्या जोरात ओरडले की मालक एक पाऊल मागे सरकले. उस्तादांनी भर सभेत आपला गुडघा छातीपर्यंत वर उचलून खाडकन आपटला. "हा बघा! काही झालेलं नाही याला. डोकं बिघडलंय माझं. आणि हे मला आज दुपारी कळलं. बाकी सगळ्यांना केव्हापासून ठाऊक आहे."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "म्हणजे नक्की काय होतं तुम्हाला?"

उस्तादांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला सांगता येणार नाही. काय काय झालं, केव्हा झालं, कुठल्या कड्यावर, कुणाच्या जिवावर, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबी तर प्रत्येक गाठ बांधलेलीच होती.

"ए," त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. "इकडे ये. सांग यांना. सगळं सांग, पहिल्यापासून. आणि एक जरी गाळलंस ना, तर ती कानाखालची अजून बाकी आहे."

मेव्हणा पुढे आला. मग त्याने मालकांकडे बघितलं नाही, बहिणीकडे बघितलं नाही, आणि सांगायला सुरुवात केली. अमुक कड्यावर टोक पट्ट्यातून नुसतंच ओवलेलं होतं. तमुक भिंतीवर मेख ठोकली आणि दोर अडकवायच्या कडीचा स्क्रू फिरवून ती बंद करायची राहिली. एकदा एका म्हातारबुवांना दोराला जोडायचंच राहिलं आणि ते तसेच चालायला लागले होते. मेव्हण्याने धावत जाऊन त्यांचं जाकीट धरलं होतं आणि बुवांना वाटलं, हा प्रेमाने मिठी मारतोय.

उस्ताद भिंतीला टेकून ऐकत होते. कुणा तिसऱ्याच वाटाड्याबद्दल ऐकावं तसे. जसजसं ऐकत गेले तसतसा त्यांचा चेहरा लाल होत गेला. दोरावर असं शेण खाणारी माणसं त्यांनी आयुष्यात दोनचार बघितली होती आणि प्रत्येकाला गचांडी धरून बेस कॅम्पवरून खाली हाकललं होतं. खिंडीवरच्या भिंतीचा दिवस आला, ती हसणारी पोरगी आली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"आणि अशा माणसाच्या हातात तुम्ही दोर दिलात?" ते सगळ्या हॉलवर ओरडले.

मालक फरशीकडे बघत होते. बायकोने तोंडाला पदर लावला होता. मेव्हण्याने उस्तादांच्या डोळ्यांत बघितलं.

"हो, दाजी," तो म्हणाला. "दिला."